यूथचित्रांचें प्रामाण्य

कांहीं महिन्यांपूर्वीं एका संग्राहक मित्रांनीं जुन्या आल्बमाचें एक सुटें पान आमच्या हातीं दिलें. पानावर एकच छायाचित्र चिकटविलेलें होतें : उघडा माळ, दूरवर दोन बाभळी, आणि मध्यभागीं उधळलेला काळविटांचा कळप. पाठीमागें मोडींत ‘काळवीट, शके १७८२’ एवढींच अक्षरें. शके १७८२ म्हणजे इ. स. १८६०-६१. दख्खनच्या माळावरील रानकळपाचें इतकें जुनें छायाचित्र आमच्या पाहण्यांत नव्हतें. आनंदाच्या भरांत पुढील सभेंत मांडावयाचें टिपण लिहिण्यासही आम्ही बसलों. तिसऱ्या ओळीवर लेखणी थांबली. कळपांतील एक नर हवेंत होता. त्याचे चारही खूर भूमीपासून सुटलेले, आणि तरीही खुरांची कड सुईनें कोरल्यासारखी स्पष्ट !

त्या काळीं ओल्या कांचेची पद्धति चालू होती. कोलोडियन लाविलेली कांच तेथल्या तेथें रौप्यक्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची, आणि वाळण्यापूर्वीं अंधाऱ्या तंबूंत धुवून काढावयाची, असा तो खटाटोप असे. प्रखर उन्हांत, लहान कांचेवर, दूरच्या रस्त्यानें चालणारीं माणसें तेव्हांही कोणी पकडलीं आहेत, नाहीं असें नाहीं. परंतु भर वेगांत उडी घेतलेला काळवीट, तोही तळहाताएवढ्या मोठ्या चित्रांत, खुरांच्या रेषेसह उमटावा, हें त्या साहित्याच्या शक्तीबाहेरचें होतें. जिलेटिनच्या कोरड्या कांचा बाजारांत मिळूं लागल्या त्या १८७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. तेव्हांपासूनच असली चित्रें संभवनीय झालीं. मग आम्ही पाठीमागील अक्षरें पुन्हां पाहिलीं. ओलें बोट लागलेल्या ठिकाणीं तीं जांभळीं फुटलीं होतीं, म्हणजे तीं शाईसारखी उमटणाऱ्या रासायनिक पेन्सिलीचीं. तसली पेन्सिलही १८७० नंतरचीच. टिपण आम्हीं फाडून टाकिलें. मित्रांस वाईट वाटलें, आम्हांसही वाटलें. परंतु एक गोष्ट त्यांच्या ध्यानीं आणून देणें प्राप्त होतें. चित्र खोटें नव्हतें, चित्रावरचा शब्द खोटा होता.

ताम्रपट आणि बखरी सोडून हा गृहस्थ हरणांच्या मागें कां लागला, असें कोणी वाचक म्हणतील. ज्या माळांवर आज ऊंस, वस्ती आणि कारखाने आहेत, तेथें पूर्वीं काय चरत होतें हें सांगणारीं साधनें थोडीं आहेत. शिकारीच्या रोजनिशा, संस्थानी दप्तरांतील चित्तेखान्याचे खर्च, आणि अशीं छायाचित्रें, एवढाच काय तो संग्रह. आमच्या मंडळींकडे असले आल्बम वरचेवर येतात, आणि ‘छान चित्र’ एवढें म्हणून कपाटांत जातात. साधन म्हटलें कीं परीक्षा आली. मोडी कागदास आपण जी कसोटी लावितों ती या चित्रांस कोणी लावीत नाहीं, म्हणून हा प्रपंच.

अमरसिंहानें समूहवाचक शब्दांची वांटणी मोठ्या काटेकोरपणें केली आहे. सजातीयांचें तें कुल, तिर्यंचांचें यूथ, पशूंचा समज, इतरांचा समाज, समानधर्मियांचा निकाय. हत्तींच्या समूहास तर हास्तिक आणि गजता असे निराळे शब्द दिले आहेत. विद्यार्थिदशेंत ही यादी आम्हांस निव्वळ घोकंपट्टीची वाटे. आतां वाटतें कीं कोशकारास एक गोष्ट पक्की ठाऊक होती : समूह हा व्यक्तींची नुसती बेरीज नव्हे, तो वेगळा पदार्थ आहे. एकट्या वाघाचें छायाचित्र हें व्यक्तिचित्र. कळपाचें छायाचित्र हें संबंधांचें चित्र. कोण पुढें आहे, कोण मागें रेंगाळला आहे, पिलें कोणाच्या आड आहेत, किती आहेत, कोणत्या भूमीवर आहेत, ह्या सर्वांचें मिळून तें एक वाक्य होतें. वाघाच्या चित्रांत मिशीचा एक केस कोणी रंगविला तर इतिहासाचें फारसें बिघडत नाहीं. कळपाच्या चित्रांत एक जनावर वाढविलें किंवा काढिलें तर सगळ्या वाक्याचा अर्थ फिरतो.

कूटलेखाचें उदाहरण प्रथम घेऊं. अमेरिकेंतील डिस्ने कंपनीचा ‘व्हाइट वाइल्डरनेस’ हा बोलपट १९५८ सालीं निघाला व उत्कृष्ट माहितीपटाचें ऑस्कर पारितोषिक त्यास मिळालें. उत्तर ध्रुवाकडील लेमिंग नांवाचे उंदरासारखे प्राणी थव्याथव्यांनीं निघून कड्यावरून समुद्रांत उड्या घेतात व मरतात, असें त्यांत दाखविलें होतें. पुढें १९८२ सालीं कॅनडाच्या दूरचित्रवाणीनें ‘क्रूएल कॅमेरा’ या कार्यक्रमांत ह्या प्रसंगाची चौकशी केली, तेव्हां निराळाच मजकूर बाहेर आला. चित्रण झालें तें आल्बर्टा प्रांतांत. तेथें समुद्र नाहीं, आणि त्या जातीचे लेमिंगही नाहींत. प्राणी मॅनिटोबा प्रांतांतील एस्किमो मुलांकडून विकत आणले होते. बर्फ पसरलेल्या फिरत्या चाकावर ते सोडून निरनिराळ्या बाजूंनीं त्यांचें चित्रण केलें, म्हणजे मूठभर प्राण्यांचा प्रचंड थवा भासला. शेवटीं माणसांनींच त्यांस कड्यावरून खालीं लोटलें. खालचें पाणी नदीचें होतें. लेमिंगांची संख्या कांहीं वर्षीं अतोनात वाढते, ते स्थलांतर करितात, पाणी ओलांडतांना कांहीं बुडतात, हें खरें. आत्मघाताची कथा मात्र खोटी. आज कोणी माणूस दुसऱ्याचें पाहून आंधळेपणें चालला कीं त्यास लेमिंगाची उपमा इंग्रजींत देतात. ती लोकसमजूत पूर्वींचीच होती, परंतु तिला चक्षुर्वै सत्याचा शिक्का मिळाला तो या बोलपटानें. बनावट सनदेनें जशी एखादी खोटी वतनदारी पिढ्यान् पिढ्या चालावी, तसाच हा प्रकार.

येथें आपल्या शास्त्रांतील चित्रतुरगन्याय आठवतो. चित्रांतील घोड्यास पाहून ‘हा घोडा’ असें जें ज्ञान होतें, तें सत्य नव्हे, मिथ्या नव्हे, संशय नव्हे आणि सादृश्यही नव्हे, असें शंकुकाचें मत रसचर्चेंत दिलेलें असतें. चिताऱ्याच्या घोड्यापुरतें तें ठीक आहे, कारण तो घोडा कधीं काळीं उभा होता असा दावा चितारी करीत नाहीं. छायाचित्राचा दावा त्याहून मोठा. तो घोडा होता, तेथें होता, त्या क्षणीं होता, असें तें म्हणतें. म्हणून नटाच्या अभिनयास जी मुभा आहे ती छायाचित्रास देतां येत नाहीं. दिली, तर तें छायाचित्र न राहतां चित्र होतें. आणि तसें होण्यांतही कमीपणा नाहीं, मात्र तसें सांगितलें पाहिजे.

ह्या सांगण्यामुळेंच पुढचें उदाहरण अवघड होतें. आर्ट वुल्फ हे अमेरिकेंतील नामांकित छायाचित्रकार. त्यांचें ‘मायग्रेशन्स’ हें प्राण्यांच्या कळपांवरील भव्य पुस्तक १९९४ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील सुमारें एक तृतीयांश चित्रांत संगणकाच्या साहाय्यानें फेरफार केले होते. झेब्र्यांच्या कळपाच्या एका प्रसिद्ध चित्रांत तर रिकाम्या जागा भरण्यासाठीं त्याच कळपांतील जनावरें पुन्हां उतरवून बसविलीं होतीं. त्यावर त्या देशांतील निसर्गछायाचित्रकारांत पुष्कळ वाद माजला. ग्रंथकर्त्यांच्या बाजूनें हें नमूद केलें पाहिजे कीं फेरफार केल्याचें प्रस्तावनेंत त्यांनीं स्वतःच सांगितलें आहे. कूटलेखकार असें सांगत नसतो. त्यांस त्या पंक्तींत बसविणें अन्यायाचें होईल.

तथापि कबुलीनें सर्व दोष धुतला जातो, असेंही आम्हांस वाटत नाहीं. एक तर कबुली प्रस्तावनेंत आहे आणि चित्र पानावर आहे. पान फाडून भिंतीवर लावलें कीं प्रस्तावना मागें राहते. पुष्पिका तुटलेल्या पोथीचा अनुभव ज्यांस आहे त्यांस हें अधिक सांगावयास नको. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. फेरफार कां केले याचें जें कारण दिलें गेलें त्याचा आशय असा कीं, कळपाचें चित्र उत्तम साधलेलें असावें आणि एखादेंच जनावर भलत्या दिशेस तोंड करून उभें असावें, म्हणजे सगळी आकृति बिघडते. कलावंताच्या दृष्टीनें ही तक्रार प्रामाणिक आहे. आमच्या दृष्टीनें मात्र तें भलत्या दिशेस वळलेलें एक जनावर हेंच त्या चित्रांतील सर्वांत मोलाचें अक्षर ! तें कां वळलें ? गवतांत सिंहीण होती काय ? पिलू मागें राहिलें होतें काय ? कीं पाण्याचा वास आला होता ? एकोणचाळीस तोंडें एकीकडे आणि चाळिसावें दुसरीकडे, ह्या विसंगतींतच त्या क्षणाची खूण आहे.

हस्तलिखितांच्या पाठनिर्णयांत आपण हाच नियम पाळतों. दोन पाठांपैकीं एक सरळ आणि एक दुर्घट असेल, तर दुर्घट पाठ मूळचा असण्याचा संभव अधिक, कारण लेखक दुर्घट पाठ सोपा करितो, सोपा पाठ दुर्घट करीत नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९६६ सालीं पुऱ्या केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत ह्या नियमाचा उपयोग पानोपानीं दिसतो. तेथें हेंही दिसतें कीं प्रक्षेप करणारे बहुधा दुष्ट नव्हते. कथेंत खिंडार दिसलें कीं तें बुजवावें, वर्णन तोकडें वाटलें कीं चार श्लोक घालावे, ही त्यांची भक्तीच होती. झेब्र्यांच्या कळपांतील रिकामी जागा भरणारा हात त्याच जातीचा. त्या आवृत्तीच्या संपादकांनीं गाळलेले श्लोक फेंकून दिले नाहींत. तळटीपांत आणि परिशिष्टांत ते जपून ठेविले, म्हणून आज वाचकास दोन्ही दिसतात. छायाचित्रकारानें मूळ चित्र आणि सुधारलेलें चित्र शेजारीं शेजारीं छापलें असतें, तर आमची तक्रार निम्म्याहून अधिक संपली असती.

गंमत अशी कीं झेब्र्याच्या बाबतींत प्रक्षेप पकडण्याची सोय निसर्गानेंच करून ठेविली आहे. प्रत्येक झेब्र्याच्या पट्ट्यांची ठेवण निराळी असते. दोन लेखकांचें वळण जसें सर्वथा एक नसतें, तसे दोन झेब्रे सर्वथा एक नसतात. एकाच कळपांत तेच पट्टे दोनदां दिसले, म्हणजे एकच हात दोनदां फिरला. एका तरुण मित्राकडून मोठें भिंग घेऊन आम्हीं हा व्यायाम अन्य चित्रांवर करून पाहिला आहे. डोळे शिणतात, परंतु मोडीच्या फांट्यांइतके नव्हे.

आतां शुद्ध चित्रासंबंधीं. चित्रांत काडीचाही फेरफार नाहीं, तरीही पाहणारा फसतो, असेंही घडतें. आणि तेथें दोष बहुधा पाहणाराचा असतो. आम्हीं तीस वर्षे शाळेंत संस्कृत शिकविलें. ‘यूथपति’ हा शब्द आला कीं फळ्यावर मोठ्या सुळ्यांचा एक हत्ती काढून मागें हत्तिणी व पिलें काढीत असूं. काव्यांत तसेंच आहे. वस्तुतः हत्तींच्या कळपाची धुरा वयोवृद्ध हत्तिणीकडे असते. नर वयांत आला कीं कळपांतून बाहेर पडतो, एकटा किंवा इतर नरांच्या संगतीनें हिंडतो, आणि समागमाच्या निमित्तानें कळपांत येतो व जातो. ज्या क्षणीं तो आला त्याच क्षणीं कोणी छायाचित्र घेतलें, तर आमचा फळ्यावरचा यूथपति जसाच्या तसा कागदावर उमटेल. चित्र शंभर टक्के खरें, आणि त्यावरून काढिलेलें अनुमान शंभर टक्के चूक.

मद्रासचे एम्. कृष्णन् (१९१२-१९९६) यांचें महत्त्व आम्हांस ह्या जागीं वाटतें. तामिळ कादंबरीकार माधवय्या यांचे हे चिरंजीव. द्वीपकल्पांतील मोठ्या सस्तन प्राण्यांची १९५९ ते १९७० या काळांत त्यांनीं केलेली पाहणी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १९७५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. त्यांचीं चित्रें काळींपांढरीं. आजच्या रंगीत, चकचकीत चित्रांची संवय झालेल्या डोळ्यांस तीं प्रथम रुक्ष वाटतात, आणि खोटें कां बोला, आम्हांसही वाटलीं. कित्येकांत गवतच अधिक आणि जनावर कमी. दुसऱ्या वेळीं पाहतांना ध्यानांत येतें कीं गवत हाच त्या चित्राचा अर्धा मजकूर आहे. गवत किती उंच, झाडोरा कोणता, कळप उघड्यावर आहे कीं सांवलींत, यावरून ऋतु आणि प्रहर वाचतां येतो. शिवाय लेखक आणि छायाचित्रकार एकच असल्यामुळें चित्र आणि शब्द यांची फारकत होत नाहीं. वर्षानुवर्षें तीच अरण्यें पाहिलेला मनुष्य जेव्हां कळपाविषयीं लिहितो, तेव्हां एका क्षणाच्या साक्षीस बारा वर्षांची जोड मिळते. चित्र हें प्रत्यक्ष आणि टीप हा शब्द. दोन्ही प्रमाणें एकमेकांस धरून असलीं म्हणजे वाचकास अनुमानाची घाई करावी लागत नाहीं. एक न्यून मात्र आहे. सौंदर्याविषयीं कृष्णन् यांस इतका संकोच, कीं कधीं कधीं चांगलें चित्रही ते गद्य करून टाकतात.

काळविटांच्या कळपासंबंधींही यूथपतीसारखाच घोटाळा होतो. पिंगट माद्यांच्या घोळक्यांत एकच काळाभोर नर दिसला कीं त्यास आपण कळपाचा नायक ठरवितों. कृष्णसार या शब्दाभोंवतीं जो थाट आहे त्याचा हा परिणाम. परंतु तो काळा नर बहुधा कळपाचा धनी नसून त्या जमिनीच्या तुकड्याचा धनी असतो. माद्या हिंडत येतात, त्याच्या हद्दींतून चरत जातात, पुढील हद्दींत दुसरा काळा नर असतो. म्हणजे सरदार आणि त्याची फौज असा हा देखावा नाहीं. जकातनाका आणि वाटसरू असा आहे. भावनगरजवळील वेळावदरचें गवताळ रान १९७६ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. तेथील नर तर ऋतुकालीं लहान लहान जागा धरून जवळ जवळ उभे राहतात.

संख्येविषयीं थोडेंच लिहितों, कारण गणित हा आमचा विषय नव्हे. पूर्व आफ्रिकेंतील सेरेंगेटी येथें बर्नहार्ड व मिखाएल ग्रझिमेक या पितापुत्रांनीं १९५८ सालीं विमानांतून डोळ्यांनीं कळप मोजले. त्यांची विल्डबीस्टांची बेरीज लाखाच्या आंत आली. १९५९ च्या जानेवारींत पुत्राचें विमान कोसळून अंत झाला. त्याच वर्षीं निघालेल्या त्यांच्या चित्रपटास पुढें ऑस्कर मिळालें. १९७७ पर्यंत ती संख्या तेरा लक्षांवर गेली. गुरांवरील बुळकांडी रोगाचा बंदोबस्त झाल्यानें रानांतील कळप वाढले, हें त्याचें मुख्य कारण. परंतु १९६१ च्या सुमारापासून विमानांतून छायाचित्रें घेऊन मागाहून शांतपणें मोजण्याची रीत पडली, हेंही विसरतां येत नाहीं. आतां २०२२ व २०२३ सालच्या उपग्रहचित्रांवरून संगणकानें केलेली गणती सहा लक्षांच्याही खालीं आली आहे आणि जुन्या पद्धतीच्या तेरा लक्षांशी ती जुळत नाहीं. कळप घटला कीं मोजणाराचा डोळा बदलला, याचा निकाल जाणत्यांनीं लावावा. निरनिराळ्या पद्धतींचे आंकडे एकाखालीं एक मांडून चढउतार वाचूं नये, एवढें मात्र महसुली दप्तरें चाळलेला कोणीही सांगूं शकेल.

आतां घराकडे वळतों. कोल्हापूर संस्थानांत चित्त्यांकडून काळविटांची शिकार करण्याची चाल होती. बैलगाडीवर डोळे बांधलेला चित्ता, शेजारीं चित्तेवान, आणि पुढें माळावर कळप, अशीं छायाचित्रें संग्राहकांच्या पाहण्यांत येतात. अशा चित्रावरून दख्खनच्या रानांत त्या सालीं चित्ते होते असें कोणी लिहूं लागला तर त्याचा हात धरावा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कोल्हापूर आणि भावनगर ह्या दोन्ही संस्थानांनीं शिकारीसाठीं आफ्रिकेंतून चित्ते आणविले होते; देशी चित्ता तोंवर दुर्मिळ झाला होता. म्हणजे एकाच चित्रांतील कळप येथला आणि चित्ता परमुलखाचा असूं शकतो. ह्या चित्रांतील काळवीट ही उत्तम साक्ष आहे. चित्ता ही साक्षच नाहीं.

शेवटीं, ह्या विषयांत दुसऱ्यास उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे तेंही सांगून टाकतों. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं, नोकरीच्या आरंभीं, सोलापुराकडील एका स्नेह्यांनीं माळावरील काळविटांच्या कळपाचें एक जुनें छायाचित्र शाळेसाठीं दिलें. शाळेंत चौकट तयार होती, ती चित्राहून अरुंद. आम्हीं पट्टी धरून उजवीकडची दोन बोटें रुंदीची कड कापून टाकिली. त्या कडेंत काय होतें तें आम्हांस पक्कें आठवतें : घोंगडी पांघरलेला एक धनगर आणि त्याच्या मेंढरांचें खांड, हरणांपासून फार तर दोन शेत अंतरावर. रानाच्या चित्रांत माणूस बरा दिसत नाहीं, असें तेव्हां वाटलें. दख्खनचा काळवीट आणि धनगराचें मेंढरूं एकाच माळावर, एकाच गवतावर, एकमेकांस न बुजतां चरत, याचा तो एका नजरेंत मावणारा पुरावा होता. कर्जत तालुक्यांत १९८० सालीं रेहेकुरीचें अभयारण्य झालें, तें जेमतेम दोन चौरस किलोमीटरांचें. तेथील काळविटांविषयीं आज जेव्हां वाद निघतो कीं हे प्राणी निर्मनुष्य रानाचे कीं माणसाच्या चराऊ माळाचे, तेव्हां ती दोन बोटांची कड आम्हांस डोळ्यांपुढें दिसते. तोंडीं सांगितलें तर ऐकणारे मान हलवितात. कागद दाखवा म्हणाले, तर दाखवावयास कांहीं नाहीं.

म्हणून संग्राहकांस विनंति आहे कीं आल्बमाचीं पानें सुटीं करून विकूं अगर विकत घेऊं नयेत. पाठीमागील अक्षरें, मग तीं खोटीं कां असेनात, खोडूं नयेत. चित्र पुठ्ठ्यावरून उचकटूं नये, आणि चौकटीसाठीं चित्रास कात्री लावूं नये, चौकट दुसरी करावी. आरंभीं सांगितलेलें पान मित्रांनीं आमच्याकडेच ठेविलें आहे. त्या आल्बमाचीं उरलेलीं पानें पुण्यांतच दोन-तीन घरीं वांटली गेलीं असावींत असा त्यांचा तर्क आहे. तपकिरी जाड पुठ्ठा, चारी कोपऱ्यांस वेलबुट्टी, आणि पाठीमागें जांभळ्या पेन्सिलीची मोडी, अशी खूण ज्यांच्या संग्रहीं आढळेल त्यांनीं संपादकांमार्फत आम्हांस कळवावें. पान मागून घेणार नाहीं; फक्त शेजारीं ठेवून पाहूं.